चित्रात कोणता कागद काढावा?

‘कागदपत्रहीन’ म्हटले की सीमेपलीकडून आलेला परका माणूस डोळ्यांपुढे येतो. परंतु नळदुर्गच्या परिसरात पालावर, म्हणजे कापडी खोपटांच्या फिरत्या वस्तीत, वाढलेल्या भटक्या-विमुक्तांपैकी अनेकांच्या पिढ्या याच मातीत गेल्या असूनही त्यांच्या हाती जन्माचा, रहिवासाचा वा जातीचा दाखला नसतो. स्थलांतरितांसाठी देशोदेशी चित्रमय हक्कपुस्तिका निघतात. तशी पुस्तिका या स्वकीयांसाठी काढायची, तर तिच्यात काय रेखाटावे हे आधी ठरवावे लागेल.

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवून पोलिसांच्या हजेरीपटावर चढवले, म्हणजे सरकारने त्यांची नोंद घेतली ती पाळत ठेवण्यापुरती. १९५२ मध्ये हा कायदा रद्द होऊन या जमाती ‘विमुक्त’ झाल्या, हजेरीपट गेला, पण त्याच्या जागी दाखला आला नाही. आज त्यांच्या जात प्रमाणपत्रासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो, ज्या तारखेला ‘मानीव दिनांक’ म्हणतात. मात्र ज्यांचे बिऱ्हाड गाढवावरून हलत राहिले, त्यांच्याकडे सातबारा किंवा शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा कोठून यावा? याच नळदुर्गचा खंडोबा वर्षातला बराच काळ अणदूरला आणि उरलेला मैलारपुरात राहतो. त्याच्या दोन मुक्कामांना मान आहे, भक्ताच्या दहा मुक्कामांना संशय.

सरकारी माहितीपत्रकात आवश्यक कागदांची चित्रे ओळीने मांडलेली असतात, आणि ज्याच्याकडे त्यांतला एकही कागद नाही त्याला ती बंद दारांची रांग वाटते. उपयोगी पुस्तिकेने कागद नसताना कायदा काय देतो ते दाखवावे: शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार वयाचा पुरावा नाही म्हणून बालकाला प्रवेश नाकारता येत नाही, जन्माची नोंद वर्षाहून अधिक रखडली असली तरी, २०२३ च्या दुरुस्तीनुसार, जिल्हा वा उपविभागीय दंडाधिकाऱ्याच्या, किंवा अधिकार दिलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याच्या, आदेशाने ती होऊ शकते. २०२५ च्या आरंभी बांगलादेशी नागरिकांनी अशा उशिराच्या नोंदीतून जन्मदाखले मिळवल्याच्या आरोपांनंतर राज्यात ही प्रक्रिया कडक झाली. खोट्या दाखल्यांचा बंदोबस्त योग्यच, पण कडक चाळणीत आधी अडकतो तो खरा आणि अडाणी अर्जदार.

चित्रांचीही स्वतःची भाषा असते. खाकी गणवेशातला माणूस मदतनीस म्हणून काढला, तरी पारधी कुटुंबाला तो धाडीचा शिपाईच वाटेल. बाणांची दिशा, फुलीची खूण या गोष्टी शाळेत न गेलेल्याला आपोआप कळत नाहीत. म्हणून एका पानावर एकच पायरी आणि प्रत्येक पानावर तीच बाई, तेच मूल असावे, म्हणजे गोष्ट सांगता येते. चित्रे दाखवून कथा सांगणारे चित्रकथी स्वतः राज्याच्या भटक्या जमातींच्या यादीत आहेत, तेव्हा हे कौशल्य बाहेरून आणण्याची गरज नाही.

पुस्तिकेचा दुसरा वाचक सरकारी कचेरीच्या खिडकीपलीकडे बसतो, आणि त्याच्यासाठी प्रत्येक चित्राखाली कायद्याचे नाव व कलम बारीक अक्षरांत छापावे. मसुद्याची परीक्षा मैलारपुरातल्या खंडोबाच्या पौष पौर्णिमेच्या यात्रेत घ्यावी: पालावरच्या बाईने चित्रे पाहून सांगितलेली गोष्ट आणि कारकुनाने त्याच चित्रांवरून सांगितलेली गोष्ट जेथे जुळणार नाही, ते पान पुन्हा काढावे.