कोयत्याची धार आणि मोटरची निवड



गळीत हंगाम सुरू झाला की आमच्या गट कार्यालयात येणारी पहिली तक्रार ठरलेली असते. "साहेब, टोळी वरनं तोडतीया, बुडखं वीतभर ठेवतीया." मग आम्ही फडावर जातो, मुकादमाला बोलावतो, मुकादम टोळीवर ओरडतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मागच्या हंगामात अशाच एका फडात मी ओरडण्याऐवजी कोयता हातात घेऊन पाहिला. धार कसली, नुसती लोखंडाची पट्टी. असल्या कोयत्याने जमिनीलगत तोडायचे तर एका उसाला दोन-तीन घाव पडतात, त्यात मातीतला खडा लागला की उरलीसुरली धारही जाते. मग तोडणारा चार बोटे वर घाव घालतो. त्यात आळस नाही, हत्यार बोथट आहे.

यात नुकसान कुणाचे? हिशोब सोपा आहे. एकरी ४० हजार तोडणीयोग्य ऊस धरा. प्रत्येक बुडख्यात फक्त ५० ग्रॅम राहिले तरी एकरी २ टन ऊस रानातच राहतो. आणि पक्व उसात साखर जास्त असते ती बुडाकडच्या कांड्यांत, म्हणजे राहतो तो चांगलाच भाग. पुढे खोडवा धरायचा तर उंच बुडखे पुन्हा मजूर लावून छाटावे लागतात, कारण चांगले फुटवे जमिनीखालच्या डोळ्यांतून यायला हवेत. तोडणी जमिनीलगत झाली तर ही दुसरी मजुरी वाचते.

आपल्याकडे टोळीतल्या नवरा-बायकोच्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणतात. माणसांना हत्याराचे नाव दिले, पण त्या हत्याराला धार कशी लागते हे पाहायला आपल्याला सवड नाही. त्यांच्याजवळ असते ती झिजलेली कानस. लोहाराकडून शेवटून आणायचे तर दिवस मोडतो.

म्हणून काही सभासदांनी वस्तीवर घरच्या घरी पट्ट्याचा ग्राइंडर तयार केला, याचे मला मोठे कौतुक वाटते. अँगलची चौकट, तीन चाके, त्यावर पॉलिशचा दोन इंची पट्टा आणि खाली मोटर. वेल्डिंग येणारा पोरगा दोन दिवसांत उभा करतो. गाडी अडते ती मोटरपाशी, आणि तिथे होणाऱ्या चुका मी पाहिल्या आहेत. एक तर स्वतः केली आहे.

पहिली चूक म्हणजे गोठ्यात पडलेली पंपाची जुनी मोटर बसवणे. पाणबुडी मोटर तर सोडूनच द्या, ती पाण्यात गार राहण्यासाठी केलेली असते. पण मोनोब्लॉकची उघड्या जाळीची मोटरही इथे चालत नाही. ग्राइंडरला लोखंडाची भुकटी उडते, मोटरचा पंखा ती आत ओढतो, भुकटी वाइंडिंगवर बसते आणि एक दिवस आतल्या आत शॉर्ट होतो. मोटर पूर्ण बंद बॉडीची, बाहेरून पंख्याने गार होणारीच घ्यावी. शिवाय पाच हॉर्सपॉवरची गरज नाही. धार लावायला एक हॉर्सपॉवर, म्हणजे ७४६ वॅट, पुरते. पास घडवायची, विळे घासायचे असे जड काम असेल तर दीड.

दुसरी चूक वेगाची. "जेवढी जोरात फिरल तेवढी चांगली" असे पुष्कळांना वाटते. हँड ग्राइंडर मिनिटाला १० हजारांच्या वर फेरे घेतो. त्याने कोयता घासला की दोन मिनिटांत धारेवर निळा रंग चढतो. निळा रंग आला म्हणजे पोलाद तीनशे अंशांच्या आसपास तापले आणि लोहाराने दिलेले पाणी उतरले. दिसायला लखलखीत, पण दुपारपर्यंत बोथट. कोयत्याला सावकाश फिरणारा पट्टा लागतो आणि शेजारी पाण्याची बादली.

मोटर दोन प्रकारच्या वेगाच्या मिळतात. एक मिनिटाला सुमारे १४४० फेऱ्यांची, दुसरी सुमारे २८८० फेऱ्यांची. आपल्याला १४४० वालीच घ्यायची. तिच्यावर ४ इंची चाक बसवले तर पट्टा सेकंदाला साडेसात मीटर पळतो. २८८० च्या मोटरवर तेच चाक पंधरा मीटर पळवते. हा वेग लोखंड खरवडायला ठीक, धारेला नव्हे.

तिसरी चूक माझी. गेल्या वर्षी एका वस्तीवर सिंगल फेज मोटरचा वेग कमी करण्यासाठी मी पंख्याचा रेग्युलेटर जोडायला सांगितला. पंखा कमी होतो तर मोटर का होणार नाही, असे वाटले. कोयता टेकवला, मोटर घुमली, धूर आला आणि चारचौघांत माझी शोभा झाली. नंतर वाइंडरने समजावले. या मोटरचा वेग विजेच्या ५० सायकलवर ठरतो, व्होल्टेजवर नव्हे. व्होल्टेज घटवले की ताकद घटते. पंख्यावर फक्त हवेचा भार असतो आणि वेग उतरला की तोही झपाट्याने उतरतो, म्हणून तिथे रेग्युलेटर निभतो. ग्राइंडरवर आपण कोयता दाबतो, भार तसाच राहतो. त्यातून कपॅसिटर स्टार्ट मोटरचा वेग फार उतरला की आतला सुरुवातीचा स्विच पुन्हा लागतो आणि सुरुवातीची गुंडाळी जळते. मोटर त्या सभासदाची होती. भरून दिली, पण धडा सर्वांसाठी आहे: रेग्युलेटर, डिमर ग्राइंडरला लावू नका.

मग वेग कमी-जास्त करायचा कसा? माझ्या मते दोनच रस्ते आहेत.

पहिला पुलीचा. ३, ४ आणि ५ इंचांची पायरीची पुली मोटरवर, तशीच उलटी पुली वरच्या शाफ्टवर. व्ही-बेल्ट ३ वरून ५ वर टाकला की वरचा शाफ्ट ८६४ फेरे घेतो, ४ वरून ४ वर १४४०, ५ वरून ३ वर २४००. वरच्या शाफ्टवर ४ इंची चाक असेल तर पट्टा सेकंदाला साधारण साडेचार, साडेसात आणि साडेबारा मीटर पळतो. शेवटची धार सगळ्यांत सावकाश वेगावर, तुटका कोयता आकाराला आणणे मधल्यावर, गंज काढणे वरच्यावर. जळण्यासारखे यात काही नाही. बेल्ट मात्र मोटर बंद करूनच बदलायचा.

दुसरा रस्ता व्हीएफडी ड्राइव्हचा. सौर पंपामुळे हे नाव आता सर्वांना ठाऊक आहे. हा ड्राइव्ह सायकलच बदलतो, म्हणून वेग खरोखर बदलतो. घरची सिंगल फेज घेऊन थ्री फेज मोटर चालवणारा ड्राइव्ह मिळतो. थ्री फेज लाइट कधी येईल त्याची वाट पाहावी लागत नाही, ही मोठी सोय. पण तीन गोष्टी पाहा. एक, असा ड्राइव्ह २३० व्होल्टचीच थ्री फेज देतो, म्हणून मोटर २३० व्होल्टला डेल्टा जोडता येणारी हवी. नेमप्लेट वाचा. नुसती ४१५ व्होल्ट स्टारची आणि आतून बांधलेली असेल तर ती पूर्ण ताकद देणार नाही. दोन, कपॅसिटरची सिंगल फेज मोटर या ड्राइव्हला जोडू नका. तीन, वेग फार उतरवून तासन्‌तास चालवू नका, कारण मोटरचा स्वतःचा पंखाही मंदावतो आणि ती तापते. ड्राइव्ह भुकटीपासून लांब, भिंतीपलीकडे ठेवा.

माझे मत विचाराल तर एका वस्तीपुरता ग्राइंडर असेल तर पुलीच बरी. पाच-सहा सभासदांनी मिळून केला आणि रोज दोन-तीन टोळ्यांचे कोयते येणार असतील तर ड्राइव्हचा खर्च वाटून घ्यावा. तेवढा आपसातला सहकार जमायला हरकत नाही.

अर्थिंग केल्याशिवाय बटण दाबू नका. पट्ट्यावर, पुलीवर पत्र्याचे झाकण हवे, डोळ्यावर चष्मा हवा. उपरणे, पदर, सैल बाही जवळ नको. आणि ग्राइंडर पाचटाजवळ मुळीच नको. एका ठिणगीने उभा फड जाईल.

"कोयता टोळीचा, धार त्यांनी लावावी, आपण कशाला?" असेही काही जण म्हणतील. कोयता टोळीचा खरा, पण बुडखा आपला, खोडवा आपला आणि ऊसही आपला. दिवसभर बोथट कोयता हाणून त्या बाईच्या मनगटाला सूज येते, ती तर कुणाच्याच हिशोबात धरलेली नाही. तेव्हा यंदा टोळी फडात उतरली की पहिल्या संध्याकाळी तिचे कोयते मागून घ्या, धार लावून द्या आणि दुसऱ्या दिवशी बुडखे पाहा. त्यानंतरही वरून तोड झाली तर तक्रार घेऊन जरूर या. मी फडावर येईन, आणि आल्यावर आधी कोयता पाहीन.

आपला,
ऊस विकास अधिकारी