लाल खिडकी बंद करू नका



लातूरची गंजगोलाई असो की नांदेडचं वजिराबाद, आपल्या दुकानांचे हिशेब आता कॉम्प्युटरवर आले. टॅली, जीएसटी, कुणाकडे किती उधारी, सगळं एकाच ठिकाणी. आणि बऱ्याच घरांत त्या नोंदी सूनबाईच करतात, म्हणून हे तुमच्यासाठी. अँटीव्हायरसची मुदत संपल्याची लाल खिडकी कोपऱ्यात उघडते, आपण ती बंद करून कामाला लागतो. मला वाटतं, मुदत संपलेला अँटीव्हायरस नसल्यापेक्षा वाईट. तो आहे या भरवशावर आपण निर्धास्त राहतो.

"एकदा बसवलाय ना, मग परत पैसे कशाला?" हे घरोघरी ऐकू येतं. पण आपण पैसे देतो ते डबीतल्या सीडीचे नव्हेत, त्यामागे रोज येणाऱ्या यादीचे. पुण्याच्या क्विक हीलचंच बघा. कैलास काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे, पुढे कॉम्प्युटर दुरुस्त करू लागले. दुरुस्तीला येणाऱ्या मशिनींत व्हायरस सापडायचे, तेव्हा धाकटे भाऊ संजय यांनी ते काढणारा प्रोग्रॅम लिहिला. त्या काळी व्हायरस मोजकेच होते. नवी यादी फ्लॉपीवर आली तरी भागायचं. आज जर्मनीतली एव्ही-टेस्ट ही संस्था रोज 4,50,000 हून अधिक नवे घातक आणि नकोसे प्रोग्रॅम नोंदवते. रोज!

यादी बनते कशी? ग्राहकांच्या कॉम्प्युटरवरून, मुद्दाम लावलेल्या सापळ्यांतून आणि दुसऱ्या कंपन्यांकडून संशयास्पद फायली प्रयोगशाळेत येतात. पहिली निवड यंत्रंच करतात. उरलेली फाईल बंदिस्त कॉम्प्युटरमध्ये चालवून बघतात: ती कुठे हात घालते, काय पुसते, कुणाला निरोप धाडते. मग तिची खूण ठरते. प्रत्येक व्हायरसची वेगळी खूण ठेवत बसलं तर यादी फुगेल, म्हणून एका घराण्याच्या सगळ्या व्हायरसांना लागू पडेल अशी खूण शोधतात. ती यादीत जाते आणि दिवसातून अनेकदा आपल्याकडे उतरते.

मधे एक पायरी असते, तिचं मला फार कौतुक. नवी खूण हजारो चांगल्या फायलींवर लावून बघतात, उगाच निरपराध्याला पकडत नाही ना म्हणून. 21 एप्रिल 2010 ला मॅकॅफी कंपनीच्या यादीने विंडोज एक्सपीची स्वतःचीच एक आवश्यक फाईल व्हायरस ठरवली. जगभर कितीतरी कॉम्प्युटर पुन्हा पुन्हा बंद-चालू होत राहिले. डाळ निवडताना खड्याबरोबर दाणाही फेकला जाऊ नये, तसंच हे.

आता क्रॅकबद्दल. कुणी भाचा-पुतण्या म्हणतो, "काकू, फुकटात टाकून देतो, फक्त आधी अँटीव्हायरस बंद करा." अचौर्य व्रताची गोष्ट घडीभर बाजूला ठेवू. चोराच्या सांगण्यावरून राखणदाराला झोपवायचं, हे तरी कुठलं शहाणपण? पैसे भरायचे नसतील तर मुदत संपलेला अँटीव्हायरस काढून टाका. विंडोज 10 आणि 11 मध्ये डिफेंडर आधीच असतो. दुसरा काढला की तो आपणहून चालू होतो आणि त्याचीही यादी रोज येते. फुकट पण ताजा, हा मला विकत पण शिळ्यापेक्षा केव्हाही बरा वाटतो.

यादी कितीही ताजी असली तरी आज सकाळी जन्मलेला व्हायरस तिच्यात नसूही शकतो. तेव्हा टॅलीचा बॅकअप वेगळ्या पेन ड्राइव्हवर घ्या आणि घेऊन झाला की तो काढून कपाटात ठेवा. लावूनच ठेवला तर फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस त्यालाही सोडत नाही.

मुदतीची तारीख मी दिवाळीत वहीपूजन झाल्यावर नव्या वहीच्या आतल्या बाजूला लिहून ठेवते, दुकानाच्या विम्याच्या तारखेखाली.