रिंग उभी राहील, प्रशिक्षकाचे काय?

सप्टेंबर २०२५ मध्ये लिव्हरपूल येथे झालेल्या जागतिक मुष्टियुद्ध स्पर्धेत भारताच्या जास्मिन लांबोरिया आणि मीनाक्षी हुडा यांनी सुवर्णपदके जिंकली. नूपुर शेवराणला रौप्य आणि पूजा रानीला कांस्यपदक मिळाले. पुरुषांच्या पथकाला मात्र रिकाम्या हातांनी परतावे लागले. वर्षभरापूर्वी, २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये सहा भारतीय मुष्टियोद्ध्यांपैकी एकालाही पदक मिळाले नव्हते. त्या पार्श्वभूमीवर या यशाचे स्वागत जोरात झाले, ते योग्यच होते. परंतु स्वागताच्या या गदारोळात एका गोष्टीकडे फारसे लक्ष गेले नाही. चारपैकी तीन पदके हरियाणातील भिवानी या एकाच जिल्ह्याकडे गेली आणि त्यांची मुळे सरकारी क्रीडासंकुलांइतकीच घरगुती म्हणाव्यात अशा आखाड्यांमध्ये आहेत. जास्मिन घडली ती आपल्या काकांच्या अकादमीत. १९६६ आणि १९७० अशा लागोपाठ दोन आशियाई स्पर्धांत हेवीवेट गटाचे सुवर्णपदक जिंकणारे हवासिंग हे नूपुरचे आजोबा.

भिवानीची ख्याती देशभर झाली ती २००८ मध्ये. बीजिंग ऑलिम्पिकला गेलेल्या पाच भारतीय मुष्टियोद्ध्यांपैकी विजेंदर, अखिल कुमार, जितेंदर आणि दिनेश हे चौघे तिथले. विजेंदरने कांस्यपदक मिळवले; अखिल आणि जितेंदर उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचले. हे यश ज्या भिवानी बॉक्सिंग क्लबच्या नावाशी जोडले गेले, तो प्रशिक्षक जगदीश सिंग यांनी २००३ मध्ये सुरू केला होता. तेव्हापासून प्रत्येक राज्यात ‘आपलेही एक भिवानी हवे’ अशी भाषा ऐकू येते. मुंबई-पुण्यासारख्या शहरांतही वस्तीतील मुलांसाठी ना-नफा तत्त्वावर मुष्टियुद्ध केंद्र काढण्याची कल्पना अनेकांना सुचते. ती कल्पना चांगलीच आहे. अडचण आहे ती तिच्या हिशेबात.

पहिला हिशेब जागेचा. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार रिंगच्या दोरांच्या आतील बाजू प्रत्येकी ६.१ मीटर असते. दोरांबाहेरची कड धरून चौथरा सुमारे ७.८ मीटरचा होतो. म्हणजे निव्वळ रिंगच साडेसहाशे चौरस फूट जागा व्यापते. मुंबईत एवढ्या जागेत एक सुखवस्तू कुटुंब राहते. त्याखेरीज पंचिंग बॅगा, दोरीवरच्या उड्या, कपडे बदलण्याच्या खोल्या, आणि मुली येणार असतील तर स्वतंत्र स्वच्छतागृह. हे शेवटचे कलम आराखड्यात हमखास गळते. मग मुली का येत नाहीत, यावर चर्चासत्रे भरतात. वास्तविक चौथऱ्याची रिंग ही स्पर्धेची गरज आहे. रोजच्या सरावाला जमिनीवर मॅट अंथरून आखलेला चौकोनही चालतो. पण मॅटचे उद्घाटन करायला कोणी येत नाही, हेही खरे.

पैसा मुळीच नाही, असे म्हणता येणार नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठराविक मर्यादेपलीकडील कंपन्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कार्यावर खर्च करावे लागतात. कायद्याच्या सातव्या परिशिष्टात ग्रामीण, मान्यताप्राप्त, पॅरालिम्पिक आणि ऑलिम्पिक खेळांच्या प्रशिक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असेल, प्राप्तिकर सवलतीची प्रमाणपत्रे असतील आणि दरवर्षीचे लेखापरीक्षण वेळेवर होत असेल, तर या दारावर तिला थाप मारता येते. तथापि देणगीदाराला नैसर्गिकपणे दिसणारी वस्तू आवडते. रिंगवर, हातमोज्यांवर, भिंतीवर नाव लिहिता येते; प्रशिक्षकाच्या मार्च महिन्याच्या पगारावर लिहिता येत नाही. आणि मुष्टियुद्ध केंद्र चालते ते या पगारावरच. हातमोजे फाटतात, हेडगार्डचे पट्टे सैल होतात, मलमपट्टीचे सामान संपते, हे सारे खर्च दर महिन्याचे आहेत. एकरकमी देणगीतून उभ्या राहिलेल्या केंद्राची खरी परीक्षा दुसऱ्या वर्षी सुरू होते.

डेट्रॉइटच्या क्रॉन्क व्यायामशाळेची कहाणी या संदर्भात बोलकी आहे. शहराच्या सार्वजनिक करमणूक केंद्राच्या तळघरात इमॅन्युएल स्टुअर्ड यांनी मुलांना शिकवले आणि टॉमस हर्न्ससारखे जगज्जेते तिथे घडले. खेळाच्या इतिहासात ज्यांची नावे आदराने घेतली जातात, अशा मोजक्या जागांपैकी ही एक. पण इमारत महापालिकेची आणि महापालिका कंगाल. २००६ मध्ये चोरट्यांनी तांब्याच्या नळ्या पळवल्या, पाणी बंद झाले आणि केंद्राला कुलूप लागले. २०१७ मध्ये त्या रिकाम्या वास्तूला आग लागली. एवढी कीर्तीही नळदुरुस्तीच्या कामी आली नाही.

याच्या उलट बाजूचे उदाहरण लुईव्हिलचे. १९५४ मध्ये बारा वर्षांच्या कॅशियस क्लेची सायकल चोरीला गेली. चोराला बडवून काढीन, असे तो रडत सांगू लागला, तेव्हा तळघरात मुलांना मुष्टियुद्ध शिकवणाऱ्या जो मार्टिन या पोलिसाने, आधी लढायला शिक, असे त्याला सुचवले. पुढे सहा वर्षांनी रोममध्ये त्या मुलाने ऑलिम्पिक सुवर्णपदक जिंकले आणि नंतर तो महंमद अली या नावाने जगाला माहीत झाला. ही गोष्ट सांगताना भर नेहमी अलीवर असतो. पण त्या संध्याकाळी तळघराचे दार उघडे होते आणि आत एक जबाबदार माणूस हजर होता, हा तपशील संस्था काढणाऱ्यांच्या अधिक उपयोगाचा आहे.

या खेळाला एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. मेंदूला होणाऱ्या इजांच्या कारणावरून अमेरिका आणि कॅनडातील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०११ मध्ये संयुक्त निवेदन काढून मुलांच्या मुष्टियुद्धाला विरोध केला. डोक्यावर ठोसा मारणे हेच ज्या खेळातील यशाचे साधन, तो मुलांना शिकवावा का, हा त्यांचा सवाल. हेडगार्डमुळे जखमा आणि खरचटणे कमी होते. कवटीच्या आत मेंदूला बसणारा हादरा त्याने थांबतोच असे नाही. म्हणून समंजस प्रशिक्षक लहान मुलांना पहिली काही वर्षे पदन्यास, दोरी, बॅग आणि सावलीशी झुंज यांतच ठेवतात. प्रत्यक्ष लढत नंतर. एखाद्या मुलाला भोवळ आली तर त्याला किती दिवस रिंगबाहेर ठेवायचे, हे ठरवण्याचा अधिकार प्रशिक्षकाला नव्हे, तर डॉक्टरला असला पाहिजे. जिल्हा स्पर्धा चार दिवसांवर आलेली असताना हा नियम पाळण्याची ज्या संस्थेची तयारी नसेल, तिने कॅरम शिकवावा.

दुसरा धोका खेळाच्या बाहेरचा आहे. डिसेंबर २०१२ मध्ये भारतीय मुष्टियुद्ध महासंघ निलंबित झाला आणि २०१६ मध्ये नवा महासंघ येईपर्यंत कारभार विस्कळीत राहिला. जागतिक पातळीवरही तोच गोंधळ. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने जुन्या संघटनेची मान्यता २०२३ मध्ये काढून घेतली. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये हा खेळ असेल, याची निश्चिती मार्च २०२५ मध्ये झाली. वरच्या मजल्यावरील भांडणाचा फटका तळमजल्यावरील मुलांना बसतो, कारण स्पर्धा नाही तर प्रमाणपत्र नाही. महाराष्ट्रात खेळाडूंना सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे. पोलीस, रेल्वे, सैन्यदल यांचे दरवाजेही प्रमाणपत्रानेच उघडतात. गरीब घरातील आईबाप मुलाला या खेळात घालतात त्यामागे पदकाइतकीच या नोकरीची आशा असते. शंभरातील चार-पाच मुले तिथवर पोहोचली तरी खूप. उरलेल्यांना केंद्राने काय द्यायचे, हे संस्थेच्या घटनेत आधीच लिहिलेले असायला हवे. शाळा सुटू न देणे, संध्याकाळी एक वेळचे सकस खाणे, व्यसनापासून दूर ठेवणारा रोजचा दीड तास, एवढे जरी तिने नेमाने केले तरी ती फुकट गेली असे म्हणता येणार नाही.

महाराष्ट्राला ही घडण परकी नाही. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चे, पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ १९२४ चे, दादरचे समर्थ व्यायाम मंदिर १९२५ चे. लोकवर्गणी आणि विनामूल्य श्रमांवर उभ्या राहिलेल्या या संस्था शतकभर टिकल्या, याचे एक कारण त्यांना जागा मिळाली आणि ती त्यांच्याकडे राहिली. नागपूरच्या अल्फिया पठाणने २०२१ मध्ये युवा जागतिक स्पर्धेचे सुवर्णपदक जिंकले, तेव्हा राज्यात गुणवत्ता आहे की नाही हा वादही मिटला.

राहतो तो जागेचाच मुद्दा. महापालिकेच्या कितीतरी शाळांची सभागृहे संध्याकाळी सहानंतर बंद असतात. ती देण्यास प्रशासनाची तत्त्वतः ना नसते; मात्र करार अकरा महिन्यांचा, नूतनीकरण मर्जीवर, आणि अधिकारी बदलला की फाईल पुन्हा पहिल्या टेबलावर. अकराव्या वर्षी केंद्रात आलेल्या मुलीला युवा गटातून बाहेर पडेपर्यंत सात वर्षे लागतात. तेवढ्या काळात त्या कराराचे सात वेळा नूतनीकरण करून घ्यावे लागेल.