पाठांतरातला पाऊस

'पावसाळ्यातील एक दिवस' हा निबंध शाळेत लिहिला नाही असा मराठी माणूस सापडणे कठीण. खान्देशातल्या शाळांत मराठी शिकवताना मी तो शेकडो वह्यांमध्ये वाचला आहे. त्यात हिरवा शालू नेसलेली धरती असते, मोत्यांसारखे थेंब असतात, थुईथुई नाचणारा मोर असतो आणि डोंगरकड्यावरून फेसाळत कोसळणारे धबधबे असतात. वही जळगावची असो की धुळ्याची, पाऊस मात्र कोकणातला पडतो.

आमचा पाऊस असा नसतो. मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो. जूनच्या कोरड्या आभाळाकडे बघत घरातला कर्ता माणूस कपाशीच्या बियाण्याचा हिशेब मांडतो. एखाद्या संध्याकाळी वादळ येते आणि घडांनी लगडलेली केळीची बाग आडवी करून जाते. पहिली सर पडली की काळी माती चपलेला अशी चिकटते की चप्पल हातात घेऊनच घर गाठावे लागते. हे सारे मुलाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असते आणि निबंधात मात्र यातले अक्षरही उतरत नाही.

का उतरत नाही? मूल बुद्दू आहे म्हणून नव्हे. आपल्या घरातले, शेतातले, गल्लीतलेही लिहिण्याजोगे असते, हे त्याला कोणी दाखवलेलेच नसते. निबंध म्हणून त्याने वाचलेले असते ते गाईडातले. जे वाचले तेच तो लिहितो.

'वाचन वाढवा, निबंध सुधारेल' हा सल्ला आपण सगळेच देतो. पण मुले त्याचा अर्थ काय घेतात ते पाहावे. ती पुस्तकातून सुभाषिते, म्हणी, अलंकारिक वाक्ये वेचतात आणि वहीच्या मागच्या पानावर साठवतात. फुले तोडून आणली म्हणजे बाग लावली असे होत नाही. वाचनातून शिकायचे असते ते लिहिणाऱ्याचे बघणे.

'श्यामची आई'चेच उदाहरण घेऊ. लहानग्या श्यामची आंघोळ झाली आहे, ओल्या तळव्यांना माती लागेल म्हणून तो हटून बसला आहे, आणि आई आपले लुगडे धोंड्यावर पसरून त्याला त्यावर पाय ठेवू देते. मग ती सांगते, पायांना जपतोस तसे मनालाही जप. मुलांच्या निबंधातली आई 'वात्सल्याचा सागर' असते. साने गुरुजींनी तिथे एक धोंडा, एक लुगडे आणि दोन ओले पाय ठेवले. एवढ्यावर पिढ्यान् पिढ्या रडल्या.

हा प्रसंग मी वर्गात दोनदा मोठ्याने वाचत असे. स्पष्टीकरण नाही, रसग्रहण नाही. मग तीन प्रश्न : काय दिसले? काय ऐकू आले? लेखकाने काय न सांगता सोडून दिले? त्यानंतर पुस्तक मिटायचे आणि आपल्या आईवर दहा ओळी लिहायच्या. अट एकच, सागर, देवता आणि दीपस्तंभ यांना त्या दिवशी सुट्टी. एका मुलीने लिहिले की कापूस वेचून आल्यावर आईच्या बोटांना बोंडांच्या टोकांचे ओरखडे असतात, मीठ लागले की ते चुरचुरतात, म्हणून त्या दिवसांत भाकरीचे पीठ ती स्वतः मळते. वर्ग गप्प झाला. ही मुलगी एरवी निबंधात काठावर पास होत असे.

यात मी नवे काही केले नाही. ही वाट आपल्याच भागात पूर्वी मळलेली आहे. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते स्वतःच्या हाताने 'छात्रालय दैनिक' लिहून काढत. १९२८ साली त्यांनी 'विद्यार्थी' मासिक सुरू केले. मुलांनी चांगले वाचावे असे नुसते म्हणून न थांबता, त्यांच्या रोजच्या जगण्याविषयी वाचायला त्यांच्या हाती काहीतरी ठेवले. पुढे १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत. २१ फेब्रुवारी ते १९ जून अशी ती अठरा प्रवचने गुरुजींनी उतरवून घेतली, म्हणून 'गीता प्रवचने' आज आपल्या हाती आहे. दुसऱ्या वर्षी नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिली. लिहिणारा हात आधी चार महिने ऐकत होता, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

यावर कोणी विचारील, मग बहिणाबाईंचे काय? असोद्याला १८८० साली जन्मलेल्या या बाईला लिहिता-वाचता येत नव्हते. तिची गाणी सोपानदेवांनी आणि घरच्यांनी कागदावर उतरवली आणि १९५२ साली, तिच्या मृत्यूनंतर, ती पुस्तकरूपाने आली. ती कोणते पुस्तक वाचून लिहायला बसली? प्रश्न रास्त आहे. पण जात्यावरच्या ओव्या, कीर्तने, सणावारांची गाणी यांनी तिचे कान भरलेले होते. तिचे वाचन कानाने झाले. आज जाते गेले आणि कान मोबाइलने भरले. ती जागा आता पुस्तकानेच भरायची आहे.

बहिणाबाईंपासून आणखी एक घेण्यासारखे आहे. सुगरणीचे घरटे असो की घरोटे, तिने ते आपल्या बोलीत सांगितले. आमच्या वर्गात कोणाच्या घरी अहिराणी असते, कोणाच्या घरी लेवा गणबोली, तर शिरपूर-चोपड्याकडे पावरी. शाळेची प्रमाण मराठी या मुलांना शिकावीच लागते आणि ती पुस्तकांतूनच येते. पण बहिणाबाईंच्या गाण्यांत किंवा भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'त आपल्याकडचा शब्द छापलेला दिसला की मुलाचा संकोच गळतो. घरची भाषा ही चूक नाही, हे लाल शाईपेक्षा छापील पान चांगले सांगते.

पालकांची शंका मला ठाऊक आहे : 'सर, गुण कमी पडले तर?' गाईडातला निबंध सुरक्षित असतो, हे खरे. तो गुण मिळवूनही देतो. पण उद्या बाग वादळात पडल्यावर कधी पडली, किती झाडे गेली, पंचनाम्यात काय सुटले हे अर्जात नेमके लिहायचे असते, तेव्हा गाईड मदतीला येत नाही. ज्याला स्वतःचे पाहिलेले स्वतःच्या शब्दांत मांडता येत नाही, त्याची बाजू दुसराच कोणीतरी मांडतो, आणि बहुधा चुकीची मांडतो. निबंधाच्या तासाला खरे पणाला लागलेले असते ते हे.

त्यासाठी फार काही लागत नाही. जळगावचे व. वा. जिल्हा वाचनालय १८७७ पासून उभे आहे, आणि गावोगावी लहानमोठी ग्रंथालये आहेत. आठवड्याला एक पान पुरे. घरातल्या कोणीही ते मोठ्याने वाचावे. अडखळत वाचले तरी चालेल. वाचून झाल्यावर 'यातून काय बोध घेतलास?' असे मात्र विचारू नये. त्याऐवजी विचारावे, 'असे आपल्याकडे काय आहे रे?' आणि मूल सांगू लागले की मध्ये न बोलता त्याच्यापुढे कोरी वही सरकवावी.