डाग पुसू नका, कारण विचारा! (मिग-२१ ची प्रतिकृती आणि आपले गुणदान)



आज जरा वेगळा विषय घेतोय. प्लास्टिकचं किट आणून लढाऊ विमानाची छोटी प्रतिकृती बनवणारी मुलं आता आपल्याकडेही दिसायला लागली आहेत. सुटे भाग जोडायचे, रंगवायचे आणि मग त्यावर 'वेदरिंग' करायचं. वेदरिंग म्हणजे ऊन, पाऊस, धूर, तेल आणि माणसांचे हात यांमुळे खऱ्या विमानावर जे परिणाम होतात ते प्रतिकृतीवर रंगाने दाखवणं. आमच्या शाळेत प्रदर्शन असलं की नेमका इथेच घोळ होतो. आपण चकचकीत मॉडेलला पहिला नंबर देतो आणि डागाळलेल्याला म्हणतो, "छान आहे, पण जरा स्वच्छ हवं होतं."

माझं मत स्पष्ट आहे. गुण स्वच्छतेला नकोत आणि नुसत्या डागांनाही नकोत. गुण कारणाला द्यावेत.

माझ्याकडून झालेली चूक

काही वर्षांपूर्वी नववीतल्या एका मुलीने १/७२ प्रमाणात मिग-२१ एफएल बनवलं होतं. १९७१ च्या युद्धातलं. हिरव्या-तपकिरी रंगाखालून कुठे कुठे चांदेरी पत्रा दिसत होता, शेपटीकडे काजळी होती, पोटाखाली तेलाचे ओघळ होते. प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी मीच तिला म्हणालो, "अगं, जरा पुसून घे, परीक्षक येणार आहेत."

ती म्हणाली, "सर, यातला कुठला डाग चुकलाय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तरी मी म्हटलं म्हणून तिने पोटाखालचे ओघळ पुसले. तिला बक्षीस मिळालं नाही, याचं तिला फारसं वाईट वाटलेलं दिसलं नाही. पण पुढच्या वर्षी तिने मॉडेल आणलंच नाही. त्यानंतर मी या विषयाचा नीट अभ्यास केला आणि मग कळलं की तिचा एकही डाग चुकलेला नव्हता.

एका डागात किती अभ्यास असतो?

तो चांदेरी पत्राच बघा. आपल्या हवाई दलाची सुरुवातीची मिग-२१ रंग न दिलेल्या, चकाकत्या धातूच्या रूपातच उडायची. १९७१ मध्ये युद्धाच्या तोंडावर त्यांच्यावर शत्रूपासून लपण्यासाठीचे रंग चढवले गेले आणि वेगवेगळ्या स्क्वाड्रनच्या विमानांवरचे नमुनेही वेगवेगळे झाले. म्हणजे वरचा रंग उडाला की खालून चांदेरी धातू दिसणारच. तो डाग म्हणजे इतिहासाचा धडाच होता.

दुसरी गोष्ट रसायनशास्त्राची. बरीच मुलं विमान जुनं दाखवायचं म्हणून लालसर गंज रंगवतात. पण लाल गंज लोखंडाला येतो. विमानाचा बाहेरचा पत्रा मुख्यतः ॲल्युमिनिअमच्या मिश्रधातूचा असतो, त्यावर तसा गंज कसा येईल? शेपटीकडे, जिथून तप्त वायू बाहेर पडतो, तिथल्या धातूवर मात्र उष्णतेमुळे निळसर-तपकिरी छटा येते. गॅसवर स्टीलचं पातेलं रिकामं राहिलं की त्याला जो रंग चढतो ना, तसा.

तिसरी गोष्ट दिशेची. उडताना हवा मागे वाहते, म्हणून पोटाखाली गळलेलं तेल शेपटीच्या दिशेने लांब पसरतं. जमिनीवर उभ्या असलेल्या विमानावर पावसाचं पाणी मात्र सरळ खाली ओघळतं. चौकात चौथऱ्यावर ठेवलेलं जुनं विमान बघून कोणी मॉडेल रंगवत असेल, तर त्याने हा फरक लक्षात ठेवायला हवा. ते विमान वर्षानुवर्षं उभं आहे आणि त्याचे डाग उभ्या विमानाचे आहेत.

आता गणित

मिग-२१ च्या पंखांचा विस्तार ७.१५ मीटर. १/७२ प्रमाणात तो सुमारे १० सेंटिमीटर होतो. आता मॉडेलवर १ मिलिमीटरचा पोपडा रंगवला, तर खऱ्या विमानावर तो ७२ मिलिमीटरचा, म्हणजे सात सेंटिमीटरहून मोठा झाला! पत्र्यांच्या सांध्यांवर अर्ध्या मिलिमीटरची काळी रेघ ओढली, तर खऱ्या विमानात ती ३६ मिलिमीटरची फट होईल. असं विमान उडेल का? म्हणून अनुभवी लोक सांध्यांच्या रेषा शुद्ध काळ्या करत नाहीत, करड्या-तपकिरी ठेवतात आणि पोपडे सुईच्या टोकाएवढे.

प्रमाण आणि गुणोत्तराचं याहून चांगलं उदाहरण मला तरी फळ्यावर देता आलेलं नाही.

कामाचा क्रम

पद्धतही समजून घेऊया, कारण क्रमामागेही विज्ञान आहे.

१. आधी प्रायमरचा पातळ हात. त्यामुळे रंग प्लास्टिकला धरून राहतो.
२. मग मूळ रंग. एकच जाड हात देण्यापेक्षा दोन-तीन पातळ हात द्यावेत, नाहीतर बारीक खाचा बुजतात.
३. त्यावर पारदर्शक चकचकीत लेप. पृष्ठभाग खडबडीत असेल तर डीकलखाली, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या चित्रांखाली, हवा अडकते आणि पांढरट चमक दिसते.
४. डीकल वाळल्यावर वॉश, म्हणजे अगदी पातळ केलेला गडद रंग. खाचेवर ब्रशचं टोक टेकवलं की तो आपोआप आत धावतो. पुस्तकातलं केशाकर्षण ते हेच!
५. शेवटी पोपडे, काजळी, धूळ आणि मॅट लेप.

"सर, हे महागडं काम आहे," असं पालक म्हणतात. किट आणि रंगांना खर्च येतो, हे खरं. एअरब्रश असेल तर उत्तम, पण तो नसला म्हणून अडत नाही. काजळीसाठी काळ्या खडूची पूड चालते, पोपड्यांसाठी भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा आणि धातूच्या चमकेसाठी मऊ पेन्सिल. फक्त थिनर वापरताना खिडक्या उघड्या ठेवा, जवळ ज्योत नको आणि मोठं माणूस सोबत हवं.

दुसरी बाजू

काही शिक्षक म्हणतात, "मग जितकं घाण, तितकं खरं का?" अजिबात नाही. ही उलट्या बाजूची चूक आहे आणि ती हौशी मोठी माणसंही करतात. आपलं कसब दाखवायच्या नादात विमान भंगारात काढल्यासारखं रंगवतात. खरं लढाऊ विमान रोज तपासलं जातं, पुसलं जातं, दुरुस्त होतं. त्यामागे जमिनीवर काम करणाऱ्या तंत्रज्ञांची मेहनत असते. विनाकारण घाण रंगवणं म्हणजे त्या मेहनतीवरच बोळा फिरवणं. पंखाच्या मुळाशी तंत्रज्ञांचे पाय पडून रंग झिजलेला दाखवा, ती त्यांच्या कामाची खूण आहे. पण सगळीकडे सारखाच चिखल फासू नका.

आणखी एक आक्षेप असतो. मुलांच्या हातात युद्धाचं यंत्र कशाला? मला वाटतं, चकचकीत विमान हे खेळणं वाटण्याचा धोका जास्त आहे. झिजलेलं विमान सांगतं की इथे माणसं होती. मिग-२१ ने पराक्रम केला, तसे त्याचे अपघातही झाले आणि त्यांत आपले वैमानिक गेले. ही दोन्ही सत्यं मुलांना एकत्र कळायला हवीत.

आपल्या महाराष्ट्राचं तर या विमानाशी जवळचं नातं आहे. नाशिकजवळच्या ओझरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात मिग-२१ तयार व्हायची. १९६३ मध्ये हवाई दलात आलेलं हे विमान २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला निवृत्त झालं. यापुढे मुलांना ते आकाशात दिसणार नाही. जे कळेल ते छायाचित्रांतून, संग्रहालयांतून आणि त्यांनी स्वतः रंगवलेल्या प्रतिकृतींमधून.

शिक्षकांना विनंती

पुढच्या प्रदर्शनात मॉडेलवर बोट ठेवून एवढंच विचारा, "हा डाग इथे का?" मूल म्हणालं, "छान दिसतो म्हणून," तर त्याला आणखी बघायला पाठवा. मूल म्हणालं, "इथून धूर येतो म्हणून," तर पूर्ण गुण द्या. आणि डाग नसेल तर "का नाही?" हेही विचारा. "सर, हे नुकतंच रंगवून आलेलं विमान आहे," हेसुद्धा बरोबर उत्तर आहे.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी गृहपाठ. किट नसलं तरी चालेल. उद्या स्टँडवर एसटी उभी असेल तेव्हा नीट बघा. चिखल चाकाच्या कुठल्या बाजूला उडालाय? काजळी कुठे साचली आहे? दारातल्या दांडीचा रंग नेमका कुठल्या उंचीवर गेलाय, आणि तिथेच का? पाच डाग आणि पाच कारणं वहीत लिहून आणा.

मी मात्र यापुढे कुणालाही "पुसून घे" म्हणणार नाही.