लंगरांतली डाळ

गेल्या अंकांत या सदरांत पंगतींतल्या आग्रहाविषयीं दोन शब्द लिहिले होते. ते वाचून एका भगिनीनें पत्रांत पृच्छा केली आहे कीं, “मास्तर, जन्मभर इतक्या पंगती जेवलांत, तर त्यांतलें सर्वांत रुचकर जेवण कोणतें, तें एकदां सांगून टाका.” प्रश्न साधा, पण उत्तर लिहावयास मला चार दिवस लागले. कारण खरें उत्तर पंगतींतलें नाहींच. तें लष्करी लंगरांतलें आहे, आणि आई असेपर्यंत आमच्या घरांत तें मोठ्यानें उच्चारण्याची सोय नव्हती.

१९७२ सालचा दुष्काळ ज्यांनीं पाहिला त्यांस तो निराळा वर्णून सांगण्याचें कारण नाहीं. माण, खटाव, जत, आटपाडी या तालुक्यांची दैना फार मोठी. त्या मानानें कृष्णाकांठची आमची सांगली सुखी म्हणावयाची. पण नदी जवळ आहे म्हणून स्वस्त धान्याच्या दुकानांत ज्वारी येत नाहीं. तेथें येई ती अमेरिकेहून आणलेली तांबडी मिलो. तिची भाकरी थापतांना चिरे आणि गिळतांना घशास लागे. वडील भिक्षुकी करीत. यजमानांचेच हात आखडलेले, तेथें दक्षिणेची गोष्ट कशाला? आम्ही पांच भावंडें. आई सर्वांस वाढून शेवटीं पानावर बसे, आणि ती काय खाते हें कोणीं पाहूं नये अशी घरांत एक न बोललेली रीत होती.

त्याच वर्षीं नाताळच्या सुटींत राष्ट्रीय छात्रसेनेचें दहा दिवसांचें शिबिर साताऱ्यास भरलें. मी तेव्हां तेरा-चौदा वर्षांचा. वडिलांनीं जाण्यास परवानगी दिली. तींत देशप्रीति किती होती आणि दहा दिवस एक तोंड कमी होईल हा हिशेब किती होता, हें मला अद्याप उलगडलेलें नाहीं.

अजिंक्यतारा समोर दिसे अशा माळावर आमचे तंबू होते. साताऱ्याची मातीच शिपाईगिरीची. देशांतली पहिली सैनिक शाळा १९६१ सालीं निघाली ती येथेंच. आणि जवळच्या अपशिंगे गांवाला तर लोक ‘मिलिटरी अपशिंगे’ असेंच म्हणतात. आमचा मुख्य लांगरी त्याच गांवचा. (लष्करांत स्वयंपाकघरास लंगर व आचाऱ्यास लांगरी म्हणतात, हें भगिनींच्या माहितीसाठीं.) पहांटे धांवणें, मग दोन तास कवाईत, दुपारीं घरून आणलेलें ताट हातांत धरून रांगेंत उभा राहिलों तों पोटांत कावळे कोकलत होते.

पंगतींत माणूस बसतो आणि अन्न त्याच्याकडे येतें; येथें अन्न जागीं राही आणि माणूस त्याच्याकडे जाई. माझ्या पुढें एका मराठा शेतकऱ्याचा मुलगा, मागें एक नवबौद्ध, त्याच्या मागें एक मुसलमान. कौटिल्यानें अर्थशास्त्रांत आर्याच्या एका भोजनास एक प्रस्थ तांदूळ व त्याच्या चतुर्थांश डाळ असें माप दिलें आहे. कनिष्ठांस मात्र डाळ सहावा हिस्सा आणि तूप-तेल निम्में. आमच्या लांगऱ्यानें अर्थशास्त्र वाचलेलें नव्हतें. त्याच्यापाशीं एकच पळी होती.

डाळ म्हणजे आमचें तुरीचें वरण नव्हे. हरभरा, मूग आणि मसूर एकत्र शिजविलेली, वर लसूण व लाल मिरचीची फोडणी. मसूर आणि लसूण या दोहोंनींहि आमच्या स्वयंपाकघराचा उंबरठा कधीं ओलांडलेला नव्हता. पहिला घांस घेतांना हात क्षणभर थबकला, हें कबूल करतों. दुसऱ्या घांसाला थबकला नाहीं. बरोबर कणकेच्या जाडसर पुऱ्या आणि बटाट्याची भाजी. “घे रं पोरा, लाजूं नगंस,” एवढाच लांगऱ्याचा आग्रह. त्या दुपारीं मीं अकरा पुऱ्या खाल्ल्या. अकराव्या पुरीनंतर पोट भरल्याची जाणीव झाली, आणि ती इतकी अपरिचित होती कीं क्षणभर वाटलें, पोटांत कांहीं दुखत आहे.

ती डाळ घरीं करून पाहण्याचा प्रयोग पुढें, आई गेल्यानंतर, आमच्या कुटुंबानें अनेक वेळां केला. मसूर आणली, लसूण घातली, आणि “आतां आणखी काय घालूं?” म्हणून माझ्यावर रागावून झालें. दोष तिच्या हाताचा नव्हे. दोनशें माणसांचें पातेलें एकदां तापलें म्हणजे लवकर निवत नाहीं; भट्टी मंद केली तरी आंतली डाळ तासन्‌तास रटरटत राहते व आपोआप आळते. दोन माणसांच्या कुकरांत ती गोष्ट व्हावी कशी? शिवाय दोन तासांची कवाईत कोणत्या दुकानांत मिळते?

रात्रीं शेकोटीपाशीं हवालदार जुन्या लढायांच्या गोष्टी सांगत. त्यांतली कुतची गोष्ट माझ्या मनांतून गेली नाहीं. पुढें ती मीं पुस्तकांतूनहि पडताळून पाहिली. पहिल्या महायुद्धांत इराकमधील कुत-अल्-अमारा येथें जनरल टाउनशेंडच्या फौजेला तुर्कांनीं डिसेंबर १९१५ पासून कोंडून धरलें. तींत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. धान्य सरत आलें तेव्हां घोडे मारून त्यांचें मांस शिध्यांत देऊं लागले. गोऱ्या शिपायांनीं तें खाल्लें. हिंदी शिपायांनीं नाकारलें. धर्माचा प्रश्न तर होताच. पण गांवीं परतल्यावर आपले लोक वाळींत टाकतील, ही भीति त्याहून मोठी. हिंदुस्थानांतून धर्मगुरूंची परवानगी मागविली, तरीहि एप्रिल उजाडेपर्यंत पुष्कळांचें मन वळेना. तोंवर अंगावर हाडें तेवढीं उरलीं होतीं. २९ एप्रिल १९१६ रोजीं कुत पडलें. हवालदार विस्तव सारखा करीत म्हणाले, “परवानगी सायबाची न्हवती पायजे, आईची पायजे हुती.”

शेवटच्या दिवशीं लांबची कूच होती. वाटेंत खाण्यासाठीं प्रत्येकास ओंजळभर शक्करपारे मिळाले. आपल्या शंकरपाळ्यांचेच ते थोराड भाऊ. मीं दोन खाल्ले, उरलेले खाकी सदऱ्याच्या खिशांत घातले आणि बटण लावलें. छांदोग्यांतली उषस्तीची कथा मीं पुष्कळ वर्षांनीं वाचली. कुरुदेशांत पीक बुडालें असतां त्यानें माहुताचे उष्टे कुल्माष मागून खाल्ले आणि उरलेले बायकोसाठीं नेले. पाणी मात्र नाकारलें, कारण तें दुसरीकडेहि मिळण्यासारखें होतें. ती वाचतांना मला आधीं आठवलें तें तें सदऱ्याचें बटण.

घरीं पोंचल्यावर आईनें ताट माझ्या हातून घेतलें नाहीं. मोरीपाशीं ठेवावयास सांगितलें व राखेनें दोनदां घासलें. मग चुलीपाशीं बसून विचारलें, “पोटभर मिळत होतें का रे?”

“हो.”

“काय असे?”

“पुऱ्या, भाजी, डाळ.”

“पुऱ्या किती खाल्ल्यास?”

तव्यावर तांबडी भाकरी होती. मीं म्हटलें, “सहा.”

मग खिसा रिकामा केला. पंधरा-वीस शक्करपारे, कांहींचा चुरा झालेला. भावंडें भोंवतीं जमलीं. आई बराच वेळ नुसती पाहत राहिली.

“कोणीं केले?”

मीं खरें तें सांगितलें.

“दुधांत मळलेले का?”

दुधांत मळलेली दशमी प्रवासांत चालते आणि पाण्यांतली पोळी चालत नाहीं, हें या मासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. शास्त्रानें एवढी फट ठेवलेली आहे. मला त्या शक्करपाऱ्यांतलें दूध-पाणी कांहींच ठाऊक नव्हतें. मीं म्हटलें, “हो, दुधांत.”

“मग निर्लेप आहेत,” असें म्हणून तिनें वांटणी केली. शेवटचा एक उरला तो स्वतःच्या तोंडांत टाकला, आम्हां सर्वांच्या देखत. त्या वर्षांत तिला खातांना मीं पाहिलें तें हें प्रथम.

पुढें शिक्षक झाल्यावर मुलांना घेऊन मी अशाच एका शिबिरास गेलों होतों. तेथें एका म्हाताऱ्या लांगऱ्याला सहज विचारलें कीं, शक्करपारे कशांत मळतां? तो हंसून म्हणाला, “पाण्यात, गुर्जी. दोनशे पोरांस्नी दूध कुठलं?”

आई तेव्हां हयात होती. तिला मीं तें सांगितलें नाहीं.