न दिसणारें गिऱ्हाईक

पांढरपेशा घराण्यांत नोकरीस जो मान असतो तो दुकानास नसतो, ही आमच्या समाजाची जुनी खोड आहे. काळानें ती बरीचशी मोडली. थालिपिठाची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, लिंबाचें लोणचें असले जिन्नस करून शेजारीपाजारी विकणारीं घरें आज गल्लोगल्लीं आढळतात. आणि "आतां ऑनलाईन विका" हा सल्ला त्या प्रत्येक घरांतील मुलें देत असतात. सल्ला वाईट नाहीं, परंतु तो अर्धाच असतो. उरलेला अर्धा भाग आज आम्ही वाचकांपुढें मांडणार आहों.

निमित्त एका परिचित कुटुंबाचें. गृहस्थांचा कारखाना बंद पडला. त्यांच्या पत्नी भाजणी उत्तम करतात. महिन्यास चाळीस-पन्नास पुड्या घरबसल्या खपतात. संकेतस्थळ बांधून देणाऱ्या एका इसमानें पंचेचाळीस हजार रुपये सांगितले, आणि त्यासाठीं हातांतल्या पाटल्या मोडाव्या कीं काय, असें त्या बाईंनीं आम्हांस विचारलें. आमचें उत्तर असें कीं, पाटल्या मोडूं नयेत. निदान आज तरी नयेत. त्याचीं कारणें सांगतों.

न पाहिलेल्या गिऱ्हाइकास माल पाठविणें ही कांहीं नवी विद्या नव्हे. हिंदुस्थानांत टपालखात्यानें व्ही. पी. ची पद्धत १८७७ सालीं सुरू केली. माल हातीं येतांना पोस्टमनाजवळ पैसे द्यावयाचे, अशी ती योजना होती. तेव्हां जी अडचण होती तीच आजही आहे. घेणाऱ्यानें माल पाहिलेला नसतो आणि देणाऱ्यानें माणूस पाहिलेला नसतो. म्हणून असें दुकान मांडणें म्हणजे मुख्यतः विश्वास संपादन करणें होय, आणि तो पंचेचाळीस हजारांस विकत मिळत नाहीं.

प्रथम हिशेब. उदाहरणादाखल समजा, अर्ध्या किलोची पुडी २५० रुपयांस ठेविली. धान्य, दळण व इंधन मिळून १०० रुपये, पिशवी व खोका १५, पाठवणी ६०, आणि ऑनलाईन पेठेची दलाली शेंकडा १५ प्रमाणें साडेसदतीस. शिल्लक साडेसदतीस रुपये. हें बरें दिसतें; पण दहांतील एक पुडी नाकारली जाऊन परत आली, तर दलाली माफ झाली तरी माल, खोका व जाण्यायेण्याचा खर्च मिळून २३५ रुपये बुडतात. उरलेल्या नऊ पुड्यांचे ३३७ रुपये ५० पैसे. त्यांतून ही रक्कम वजा जातां हातीं १०२ रुपये ५० पैसे, म्हणजे पुडीमागें सव्वादहा रुपये! चुलीपुढें उभें राहणाऱ्या हातांची मजुरी त्यांतच आली. याच तीन पुड्या एका खोक्यांत घातल्या आणि खोक्यास २५ व पाठवणीस ११० रुपये धरले, तर २०२ रुपये ५० पैसे उरतात, पुडीमागें साडेसदुसष्ट. प्रत्येकीनें आपल्या गांवचे आंकडे घालावे. परंतु हा हिशेब कागदावर मांडल्यावांचून एकही पुडी पेठेंत ठेवूं नये.

प्रारंभास खर्च लागत नाहीं. व्हॉट्सॲप बिझनेस हें साधन मोफत आहे, आणि त्यांत आपल्या जिन्नसांची चित्रांसह यादी लावतां येते. छायाचित्र खिडकीपाशीं, दिवसाच्या उजेडांत घ्यावें. खालीं वजन, घटक, किती दिवस टिकेल व किती दिवसांत पोंचेल, हें स्वच्छ लिहावें. पैसे २०१६ सालीं सुरू झालेल्या यूपीआयनें आगाऊ घ्यावे. येथें एक गोष्ट प्रत्येक भगिनीनें पाठ करावी: पैसे घेण्यासाठीं पिन कधींही द्यावा लागत नाहीं, तो मागणारा गिऱ्हाईक नसून भामटा असतो. पैसे भरल्याचें चित्र कोणीं पाठविलें तरी खात्यांत जमा पाहिल्याशिवाय माल हालवूं नये.

आतां कायदा. खाद्य जिन्नस विकणाऱ्यास २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालीं नोंदणी हवी. तिचा चौदा अंकी क्रमांक पुडीवर छापावा. करणाऱ्याचें नांव व पत्ता, घटक, निव्वळ वजन, किंमत, तयार केल्याची तारीख, तक्रारीसाठीं क्रमांक व शाकाहाराची हिरवी खूण हींही हवींत. कौटिल्यानें वजनमापांवर पौतवाध्यक्ष नांवाचा स्वतंत्र अधिकारी नेमावयास सांगितला आहे. तेव्हां हा जाच नवा नव्हे. जीएसटीच्या बाबतींत, ठरीव मर्यादेखालीं उलाढाल असलेल्या छोट्या विक्रेत्यास १ ऑक्टोबर २०२३ पासून ऑनलाईन पेठेमार्फत आपल्या राज्यापुरता माल करनोंदणीवांचून विकतां येतो. त्यास केवळ एक नांवनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. मात्र करपात्र खाद्यपदार्थाची एक पुडी जरी पुण्याहून इंदूरच्या मावशींस विकली, तरी करनोंदणी लागते. म्हणून पहिलें वर्ष महाराष्ट्रापुरतें राहावें हें उत्तम.

अभिप्रायांविषयीं थोडें कठोर लिहावें लागतें. भाच्या-पुतण्यांकडून पांच-पांच तारे लावून घेण्याची चाल पडली आहे. विक्रेत्यानें स्वतः ग्राहक बनून अभिप्राय लिहूं नये, असें २०२० च्या ई-वाणिज्य नियमांत आहे. घरच्यांकरवीं तेंच करविणें त्याहून निराळें आम्हांस वाटत नाहीं. आमचें आयुष्य वर्गांत गेलें. शेजाऱ्याच्या पाटीवरून उतरविलेल्या उत्तरास आम्हीं कधीं गुण दिले नाहींत. एखाद्या गिऱ्हाइकानें "भाजणी जरा करपट लागली" असें लिहिलें, तर क्षमा मागून दुसरी पुडी पाठवावी. तो उल्लेख पुसून टाकण्यापेक्षां त्याखालचें सौजन्याचें उत्तर पुढील गिऱ्हाइकास अधिक धीर देतें.

स्वतःचें संकेतस्थळ केव्हां बांधावें? पुनःपुन्हां मागविणारीं शंभर घरें झालीं म्हणजे. आणि तेंही विक्रीच्या शिलकेंतून. त्या वेळीं संकेतस्थळाचें नांव व त्याच्या किल्ल्या स्वतःकडे ठेवाव्या, बांधणाऱ्याकडे नव्हे. लिज्जत पापडाचा उद्योग १९५९ सालीं गिरगांवांत सात स्त्रियांनीं ऐंशी रुपये उसने घेऊन आरंभिला, हें ध्यानांत ठेवावें.

शेवटीं घरांतील पुरुषांस एक विनंती. हल्लीं असें दिसतें कीं, भाजणें, दळून आणणें, पुड्या भरणें हें सर्व बाई करते. चिरंजीव मोबाईलवर चार बोटें फिरवितात, आणि पैसे यजमानांच्या खात्यांत जमा होतात. हें योग्य नाहीं. नोंदणी बाईच्या नांवें असावी, खातें तिचें असावें, आणि तें उघडून पाहण्याची विद्या तिला मुलानें शांतपणें, चार वेळां विचारलें तरी न चिडतां, शिकवावी. खोके बांधून टपालांत नेण्याचें काम यजमानांनीं पत्करावें. इतकें झालें म्हणजे पाटल्या जेथल्या तेथें राहतील, आणि कदाचित् त्यांच्या जोडीस आणखी कांहीं येईल.